चौदा संध्याकाळींचं कालवण

याय बुनपेंग आयुष्यभर दोनच गोष्टींना घाबरत आली: पोलिसांच्या गाडीला आणि खोटं बोलण्याला. पहिली भीती तीन-चार वर्षांपूर्वी सरकारनंच घालवली. दुसरीनं मात्र तिचं करायचं ते केलं, आणि माझ्याही जिवाला घोर लावला.

मी तिम, बान नोंग साओ गावची आरोग्य स्वयंसेविका. घरोघर जाऊन रक्तदाब मोजायचा, पाण्याच्या रांजणांत डासांच्या अळ्या बघायच्या, म्हाताऱ्यांना गोळ्यांची आठवण करायची, हे माझं काम. स्वभाव काळजीचा. रांजणात एक अळी दिसली की मला अख्खं गाव तापानं फणफणलेलं दिसायला लागतं. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "तिमला काळजी करायला काही नसलं, तर ती त्याचीच काळजी करते." तो गेला, काळजी राहिली.

याय म्हणजे आजी. बुनपेंग माझी सख्खी आजी नव्हे, पण गावात तिला दुसरं काही कुणी म्हणत नाही. वय अठ्ठ्याहत्तर, उंची माझ्या खांद्याइतकी, सुपारीनं काळे पडलेले दात आणि बोलणं असं की ऐकणाऱ्यानं बसायला पाट शोधावा. ती झाडपाल्याची वैदू. तिचे वडीलही वैदू होते, आणि गांजाच्या चार झाडांपायी पाच महिने तुरुंगात बसून आले होते. त्या वेळी याय नऊ वर्षांची होती. पोलिसांची गाडी वडिलांना घेऊन गेली तेव्हा तिच्या हातात कोंबड्यांना टाकायचे तांदूळ होते, आणि ती ते तसेच मुठीत धरून संध्याकाळपर्यंत उभी होती, असं ती सांगायची.

वडील सुटून आले आणि त्यांनी पहिलं काम केलं ते खुराड्यामागे पुन्हा एक झाड लावण्याचं. शेपूच्या नि मिरच्यांच्या गर्दीत ते झाड पुढे साठ-पासष्ट वर्षं, म्हणजे त्याची लेकरं-नातवंडं, गुपचूप उभं राहिलं. गुपचूप म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. गावच्या मुखियालाही. पण मुखियाची आई कंबरदुखीनं यायच्याच ओसरीवर पडलेली असायची, त्यामुळे त्याला खुराड्यामागचं कधी दिसलं नाही.

विद्या देताना वडिलांनी तिच्याकडून एक वचन घेतलं होतं. दुखणं घेऊन आलेल्या माणसासमोर औषध झाकून ठेवायचं नाही. दर वर्षी गुरूच्या दिवशी फुलं आणि मेणबत्त्यांचं तबक मांडून याय हे वचन मोठ्यानं म्हणायची, आणि मग रोग्यांच्या घरून आलेल्या कोंबड्यांचं कालवण करायची. आधी रोगी जेवणार, मग ती. त्या कालवणात गवती चहा, शेपू, आंबवलेली मासळी, भिजवून वाटलेले तांदूळ आणि मूठभर गांजाचं कोवळं पान. ते पान आमच्याकडे कालवणात पडतंच. कोथिंबिरीला कुणी औषध म्हणत नाही, तसं त्यालाही म्हणत नाही.

माझे वडील सीदा हे यायचे जुने रोगी. अकरा वर्षांपूर्वी मळणीयंत्रात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. गेला तर गेला, पण त्याचा अंगठा दुखायचा थांबला नाही. नसलेला अंगठा. "माझा अंगठा पिरगाळतंय कुणीतरी," असं म्हणून माझा बाप अंथरुणात रडायचा, आणि मी रिकाम्या चादरीकडे बघत बसायची. इस्पितळाच्या गोळ्यांनी त्यांना गुंगी यायची, झोप नाही. यायच्या बारा जिनसांच्या चूर्णानं झोप आली. जायफळ, पिंपळी, सुंठ, मिरं आणि बाकी काय काय, त्यात ते पान. हे सगळं बंदीच्या दिवसांतलं. मी आरोग्य खात्याची स्वयंसेविका, आणि घरात बापाला चोरून गांजाचं चूर्ण चारत होते.

मग सरकारनं एके दिवशी झाड मोकळं केलं. यायला वैदू म्हणून सरकारी कार्ड मिळालं, तिच्या फोटोसकट. ते तिनं रुमालात गुंडाळून चोळीच्या खिशात ठेवलं आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. "बघ, आता पोलीस आला तर मी त्याला चहा पाजीन," म्हणायची. वडिलांचा एकच जुना फोटो तिच्याकडे होता. त्याच्यापुढेही तिनं ते कार्ड धरलं.

पण ते सुख फार टिकलं नाही. तालुक्याच्या रस्त्यावर हिरव्या पानाच्या पाट्यांची दुकानं झाली, गोळ्या-बिस्किटं निघाली. सानित मास्तरांची नात शहरातल्या दुकानातली मिठाई खाऊन दोन दिवस इस्पितळात होती. सानित मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांच्याच हाताखाली पाढे शिकले. माणूस वाईट नव्हे, पण त्या दिवसापासून गांजा म्हटलं की त्यांची मान ताठ व्हायची. टीव्हीवर रोज भांडणं. एक म्हणायचा औषध आहे, दुसरा म्हणायचा विष आहे, तिसरा म्हणायचा आधी संशोधन करा. शेवटी असं ठरलं म्हणे की ज्या गावठी औषधाचा गुण तपासून सिद्ध होईल तेवढंच यादीत राहील, बाकीच्यांवर पुन्हा कुलूप.

आणि तपासायला आमच्याकडे आली डॉक्टर वरांगखना. राजधानीतली, तिशीची, पाठीवर पिशवी आणि पायात पांढरे बूट, जे पहिल्याच दिवशी लाल झाले. आल्या आल्या ती चूर्णाच्या बरण्या बघण्यात गुंग झाली. याय तशीच उभी. आमच्यात वडीलधाऱ्यानं धाकट्याला आधी हात जोडायचे नसतात, धाकट्याचं आयुष्य उणं होतं म्हणतात. म्हणून याय वाट बघत राहिली, आणि शेवटी म्हणाली, "लेकी, बरण्या कुठे पळत नाहीत. मी मात्र म्हातारी आहे." पोरगी लाजली, खाली वाकून हात जोडले. तिथून दोघींचं जमलं.

जमलं म्हणजे भांडण्याइतकं जमलं.

"याय, एका वेळी किती चूर्ण देता?"

"चिमूटभर."

"किती ग्रॅम?"

"तीन बोटांची चिमूट."

"कुणाची तीन बोटं? तुमची?"

"माझी कशाला? दुखतंय त्याला. ज्याचं त्यानं घ्यायचं. हत्तीएवढ्या माणसाची चिमूट हत्तीची, मुंगीएवढ्याची मुंगीची. तुझ्या काट्याला हे कळतं का?"

डॉक्टर डोक्याला हात लावून बसली, पण हसत होती. मग तिनं गावातल्या चाळीस माणसांना चिमूट घ्यायला लावली, एकेक मोजली, आणि मध्यावरचा आकडा काढला. याय माझ्या कानात म्हणाली, "हुशार आहे गं. लग्न झालंय का?"

प्रयोग असा होता. झोप न येणारी चोवीस माणसं चौदा दिवस विहाराच्या मंडपात राहणार. भन्तेजींनी जागा दिली. प्रत्येकाला नंबराची बाटली. बारा बाटल्यांत यायचं चूर्ण, बारांत भाजलेल्या तांदळाचं हळद लावलेलं पीठ, कॅप्सूल दिसायला सारख्याच. कुणाची कुठली, हे कुणालाच माहीत नाही. यादी बंद पाकिटात. रोज सकाळी मी वहीत लिहायचं, झोप आली की नाही, किती तास. यायनं फक्त सगळ्यांचं जेवण रांधायचं.

"त्या बाराजणांना मी पीठ खायला घालायचं?" यायनं विचारलं.

"चौदाच दिवस, याय. नाहीतर गुण औषधाचा की मनाचा, हे कळणार कसं? आणि कुणालाही नको वाटलं तर तो कधीही सोडून जाऊ शकतो. फक्त कॅप्सूलशिवाय दुसरं कुठलं औषध कुणाला द्यायचं नाही. शब्द द्या."

यायनं शब्द दिला. मी तिथेच होते.

चौदा संध्याकाळी आम्ही दोघींनी मोठ्या पातेल्यात कालवण केलं. शेपू निवडायचं काम माझं, फोडणीचं तिचं. डॉक्टर स्वतः आमच्याबरोबर जेवायची, दोन-दोन वाट्या ओरपायची, आणि सकाळी आळस देत म्हणायची, "तुमच्या गावच्या हवेत काय झोप लागते." माझे वडीलही चोविसांत होते. ते छान झोपले. जवळजवळ सगळेच झोपले.

दोन महिन्यांनी पाकीट उघडलं. डॉक्टर गावात आली ती पडलेल्या चेहऱ्यानं. खऱ्या चूर्णाची बारा माणसं आणि पिठाची बारा माणसं, दोघांच्या झोपेत फरक नव्हता म्हटलं तरी चालेल. माझे वडील पिठाचे निघाले.

"म्हणजे मी तांदळाच्या पिठावर घोरत होतो?" वडील म्हणाले. "मग ताईला कशाला त्रास, घरीच भात खाऊन झोपतो."

सगळे हसले, त्यांची ताई, म्हणजे याय, सोडून. डॉक्टरनं सांगितलं की तालुक्याला जाहीर सुनावणी आहे, तिथे तिला हाच निकाल वाचावा लागेल. त्यानंतर चूर्ण यादीतून जाणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी घरी वडिलांसाठी कालवण टाकलं होतं. चरबी सुटली, हात सवयीनं खिडकीबाहेरच्या झाडाकडे गेला, पाच-सहा कोवळी पानं खुडली, आणि तिथेच थांबला. आपण मीठ घातलं की नाही हे आठवावं लागतं, कारण घालताना लक्ष नसतं. मला आठवलं. मंडपातलं पातेलं, यायची मूठ, चरबीत चुरचुरलेली पानं. एक दिवस नाही, चौदा दिवस. पिठाची बारा माणसंसुद्धा रोज संध्याकाळी वाटीभर औषध पीत होती. मी चुलीपाशीच बसले. कालवण करपलं.

चार दिवस मी सांगू की नको करत फिरले. इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसावं तर यायचं चूर्ण आमच्याच चुकीनं खोटं ठरणार आणि माझा बाप पुन्हा रिकाम्या चादरीकडे बघत रडणार. सांगावं तर निकाल रद्द होईल, प्रयोग पुन्हा होईल, चूर्ण तेवढ्यापुरतं वाचेल. पण प्रयोगात लबाडी केली म्हणून यायचं कार्ड जाईल. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. त्या चार दिवसांत मी चौतीस घरांचे रांजण तपासले आणि एकाही रांजणात काय होतं ते मला आठवत नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती खलात सुपारी कुटत होती.

"याय, कालवणात पान होतं."

"हो."

"तुला माहीत होतं?"

"तू आत्ता सांगितलंस ना," ती म्हणाली, आणि कुटत राहिली.

मी तिच्या पायाशी बसले. "हे बघ, मी रात्रंदिवस विचार केलाय. आपण सांगू, की चूक झाली. हाताची सवय. पान म्हणजे औषध असं आपल्या डोक्यातच नाही, ते तर खरंच आहे. चुकीला कार्ड काढून घेत नाहीत. मी बोलते, तू नुसती मान हलव."

"बघू."

"बघू काय, उद्या आहे."

"तिम, तुझी काळजी माझ्या कानात भुंग्यासारखी वाजते. जा, बापाला जेवायला घाल."

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पाच जणांची समिती, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि एक ध्वनिक्षेपक जो मधूनच शिटी मारत होता. कर्करोग झालेल्या एका बाईचा नवरा बोलला, दुकानदार बोलला, भन्तेजी बोलले की पंचशीलात नशा वर्ज्य आहे पण वेदना सोसायलाच हवी असं कुठे सांगितलेलं नाही. मग सानित मास्तर उठले. त्यांनी नातीचं सांगितलं. ती दोन दिवस डोळे उघडत नव्हती, हे सांगताना त्यांचा आवाज फाटला, आणि मला त्यांचा राग करता आला नाही. मग डॉक्टर वरांगखनानं आपला निकाल वाचला, खाली बघत.

"म्हणजे काय ते स्पष्ट झालं," मास्तर म्हणाले. "तांदळाच्या पिठानं जर तेवढीच झोप येते, तर सुंठीवाचूनच खोकला गेला. मग ती सुंठ पिकवा कशाला, विका कशाला, आणि माझ्या नातीच्या तोंडात जाऊ द्या कशाला?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. समितीचे अध्यक्ष कागद पुढे सरकवू लागले. मी यायकडे बघितलं. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसली होती, आणि मला वाटलं, ही आता काही बोलत नाही. मी उठले.

"साहेब, मला बोलायचंय. त्या प्रयोगात चूक झाली." ध्वनिक्षेपक किंचाळला. मी त्याच्यावर ओरडूनच सगळं सांगितलं: पातेलं, पान, सवय, चौदा दिवस. "लबाडी नाही साहेब. आम्हांला ते औषध वाटतच नाही. शेपू घालावा तसं पडलं. चुकून."

सभागृहात गलका झाला. डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला. तिच्या तोंडून एवढंच निघालं, "मीपण खाल्लं." कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. ते समजूतदार गृहस्थ होते. म्हणाले, "अनवधानानं झालं असेल तर प्रयोग पुन्हा करता येईल. यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. आजी, असंच झालं ना?"

माझा जीव भांड्यात पडला. फक्त मान हलवायची होती.

याय उठली. तिला ध्वनिक्षेपक खाली करून द्यावा लागला.

"पहिल्या संध्याकाळी चुकून झालं," ती म्हणाली. "दुसऱ्या संध्याकाळी नाही."

मी तिची बाही ओढली. तिनं माझा हात बाजूला केला.

"दुसऱ्या दिवशी पानं खुडली आणि मला आठवलं, की या पोरीला शब्द दिलाय. मूठ पातेल्यावर थांबली. पण समोर या तिमचा बाप बसला होता, सीदा. पातेल्यात बघत. त्याच्या बाटलीला भाजक्या तांदळाचा वास होता, तो मला पहिल्याच दिवशी आला होता. म्हणजे हा आज पुन्हा त्या नसलेल्या अंगठ्यानं रडणार, हे मला ठाऊक. आणि औषध माझ्या मुठीत. मी मूठ सोडली. त्या दिवशी, आणि पुढचे बारा दिवस. ती चूक नव्हती. तसं लिहून घ्या."

"आजी, याचा अर्थ कळतोय ना तुम्हांला?" अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले.

"मला दोन शब्द द्यावे लागले साहेब. एक बापाला दिला, दुखणाऱ्यापुढे औषध झाकणार नाही म्हणून. एक या पोरीला दिला. दोन्ही पाळता येत नव्हते. आता तिसरा खोटा कशाला?" तिनं खिशातून रुमाल काढला, सोडला, आणि कार्ड मंचाच्या कडेवर ठेवलं. काढून घ्यायची वेळ तिनं त्यांच्यावर येऊच दिली नाही.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बाहेर पडताना सानित मास्तर वाटेत उभे होते. त्यांनी यायला वाकून हात जोडले आणि गेले. मी मात्र तिच्यावर भयंकर चिडले होते. गाडीत मी तिला म्हटलं, "मान हलवली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"तुझ्यावर कोसळलं असतं," ती म्हणाली. "जन्मभर काळजी केली असतीस, की म्हातारी मरताना खोटं बोलून गेली."

डॉक्टर वरांगखना आठवडाभर गावाकडे फिरकली नाही. तिची दोन वर्षं पातेल्यात गेली होती. मग एके सकाळी आली, यायच्या ओसरीवर बसली आणि विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू सीदाला घरी पाठवलं असतंस."

"हो, पाठवलं असतं. घरी त्याला झोप आली असती, याय. तुमच्याच चूर्णानं." ती रडायला लागली. यायनं तिला सुपारी दिली, जी तिनं घेतली नाही, आणि मग भात दिला, जो घेतला.

प्रयोग पुन्हा ठरला, तीन महिन्यांनी. नव्या नियमानं कार्डाशिवाय कुणालाच झाड ठेवता येत नव्हतं, यायलाही नाही. खुराड्यामागचं झाड आरोग्य केंद्राच्या माणसांनी मुळासकट उचललं, नंबराची चकती लावली आणि घेऊन गेले. त्या खड्ड्यात कोंबड्या बसायला लागल्या. यायला चौदा दिवस विहाराच्या आवारात येण्याची मनाई. कालवण मी करणार आणि डॉक्टर शेजारी बसून प्रत्येक पान बघणार.

नव्यानं बाटल्या वाटायच्या होत्या, नव्यानं चोवीस माणसं हवी होती. माझे वडील पहिले जाऊन नाव लिहून आले. मी घरी पाय आपटले. "पुन्हा पीठ आलं तर?"

"अर्ध्यांना येणारच की. माझ्याच वाट्याला येईल कशावरून?"

त्यांच्याच वाट्याला आलं. बाटलीवर लिहिलेलं नव्हतं, पाकीट बंद होतं, पण पहिल्या सकाळी त्यांचे डोळे बघून मला कळलं. मी वहीत लिहिलं: झोप नाही. दुसऱ्या सकाळी नाही. तिसऱ्या सकाळी तासभर. गाल बसले, ओठांना चिरा पडल्या. डॉक्टर रोज त्यांना विचारायची, "काका, सोडायचंय का? सोडलं तर कुणी काही म्हणणार नाही." ते मानेनंच नाही म्हणायचे. मी त्यांची लेक, आणि माझं काम फक्त लिहून घेण्याचं. त्या दिवसांत मला स्वतःचा तिरस्कार वाटायचा.

विहाराच्या कुंपणाबाहेर चिंचेचं झाड आहे. तिथून मंडप दिसतो. याय रोज सकाळी तिथे चटई टाकून बसायची आणि उन्हं उतरली की घरी जायची. अकराव्या दिवशी तिनं मला हाक मारली.

"त्याला सांग, सोड म्हणावं. मी सांगितलंय म्हणून सांग. दहा दिवस पुष्कळ झाले."

मी जाऊन सांगितलं. वडील खांबाला टेकून बसले होते. थोटका पाय दोन्ही हातांनी आवळून धरला होता.

"ताईला म्हणावं, तुझं कार्ड गेलं, माझा पाय आधीच गेलाय. आता झोप गेली तर काय मोठंसं," ते म्हणाले. "आणि हेही सांग, की गेल्या खेपेला मी झोपलो म्हणून तिचं औषध खोटं ठरलं. या खेपेला मी जागा आहे. मला आयुष्यात दुसरं काही धड जमलं नाही, हे जमतंय."

मी परत चिंचेखाली आले आणि शब्दन् शब्द सांगितला. याय ऐकत होती. मग म्हणाली, "काल कालवणात काय काय घातलंस?"

"कोंबडी, शेपू, गवती चहा, मासळी, मिरच्या."

"पान?"

"नाही घातलं."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलंही नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा ती दुखणाऱ्या माणसासमोर हात बांधून बसली होती, आणि तिच्याच औषधासाठी ते करावं लागत होतं.

बाराव्या सकाळी वडिलांनी माझ्याकडून वही मागून घेतली. "मोठ्या अक्षरात लिहितो," म्हणाले, "ताई चौथी शिकलेली आहे, तिला तिथून वाचता आलं पाहिजे." पेन्सिल गिरवून गिरवून त्यांनी अख्ख्या पानावर एकच शब्द काढला: नाही. मग मंडपाच्या कडेला सरकत गेले आणि सोडतीचं तिकीट लागल्यासारखी वही डोक्यावर धरून कुंपणाकडे ओरडले, "ताई, आजही नाही!"

चिंचेखाली याय उठून उभी राहिली. तिनं डोळे बारीक करून वाचलं. आणि मग तिनं दोन्ही हात जोडून कपाळापर्यंत नेले, तिच्याहून सात वर्षांनी धाकट्या माणसाला.

वडिलांनी घाईनं वही टाकली आणि आपले हात वर न्यायला गेले, तिच्या आधी जोडले जावेत म्हणून. तोल गेला, एक हात जमिनीला टेकवावा लागला. तोवर तिचे जोडून झाले होते.